खात्रीबाई आणि घाईसाहेब

"अहो, थांबा जरा! हे चुकलंय."

औषधाच्या दुकानात मी धापा टाकत परत शिरले, तेव्हा काउंटरमागचा तो मुलगा पुढच्या गिऱ्हाइकाची पिशवी भरत होता. नवाच दिसत होता. पांढरा कोट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि हात असे चालत होते की बाहेर याची गाडी सुटतेय की काय असं वाटावं.

"काय चुकलंय?" त्यानं मान वर न करताच विचारलं.

"बाबांची रक्तदाबाची गोळी. चिठ्ठीत पाच मिलिग्रॅमची आहे, तुम्ही दहाची दिलीत."

"शक्यच नाही. हिरवी पट्टी ना? मग—"

"दोन्ही हिरव्याच असतात," मी म्हणाले आणि गोळ्यांची पट्टी डॉक्टरांच्या चिठ्ठीशेजारी ठेवली.

आता मात्र त्यानं पाहिलं. आधी पट्टीकडे, मग चिठ्ठीकडे, मग माझ्याकडे. त्याचे कान लाल झाले. चेहरा मात्र पांढराफटक.

"बापरे..." तो इतकंच म्हणाला. पटकन मागच्या कप्प्यातून पाचची पट्टी काढली, दोनदा वाचली, माझ्या हातात ठेवली. "तुम्ही... नेहमी पिशवी उघडून बघता?"

"तीनदा बघते. एकदा दुकानात, एकदा रस्त्यात, एकदा घरी. आज दुकानात बघायची राहिली, कारण... कारण..."

आणि मी चक्क रडायला लागले. भर दुकानात! मागच्या आजोबांनी तर खोकायचंही थांबवलं.

कारण सांगते. त्या सकाळी माझा बारावीचा निकाल लागला होता. मला फार्मसीला जायचं होतं. लहानपणी मुली बाहुल्यांशी खेळतात, मी आईच्या रिकाम्या औषधाच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायची. आणि कॉलेजला रसायनशास्त्रात जेवढे गुण लागतात, त्याच्या चार खाली येऊन मी आपटले होते. येत नव्हतं म्हणून नाही हो! प्रत्येक उत्तर मी पुन्हा पुन्हा तपासत बसले आणि शेवटच्या प्रश्नाला हात लावायच्या आत घंटा झाली. घरात मला खात्रीबाई म्हणतात ते उगाच नाही. कुलूप लावलं की कोपऱ्यावरून परत येऊन ओढून बघणार, गॅस बंद केला की पुन्हा जाऊन बघणार. दादा म्हणतो, "हिच्या लग्नात ही नवऱ्याला तीनदा विचारेल, नक्की तूच ना?"

हे सगळं मी त्या अनोळखी मुलाला स्टुलावर बसून, त्यानंच दिलेलं पाणी पीत, हुंदके देत सांगितलं. सांगून झाल्यावर इतकी लाज वाटली की काय सांगू.

तो हसला नाही. म्हणाला, "मी त्याच कॉलेजात आहे, शेवटच्या वर्षाला. इथे उमेदवारी करतोय. थोडक्यात हुकलेल्यांना आमच्याकडे मुलाखतीला बोलावतात. जागा उरल्या तर. अर्ज केलात?"

"मार्कच नाहीत, तर अर्ज कशाला?"

"अहो, काखेत कळसा आणि गावाला वळसा! हिरव्यातून हिरवी निवडणारी मुलगी आम्हाला नको, तर कोण हवी?"

मी डोळे पुसले. डोळे त्याचेही जरा... जाऊ दे. मी निघाले तेव्हा तो दुकानाच्या मालकीणबाईंच्या, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या काकूंच्या, खोलीचं दार वाजवत होता. चहाला सुट्टी मागत असेल, असं मला वाटलं.

अर्ज केला. पुढच्या आठवड्यात आईचं सर्दीचं औषध आणायला गेले. (आईला सर्दी नव्हती. पण कधीतरी होतेच ना.) काउंटरवर काकू होत्या. तो मागच्या बाजूला खोक्यांच्या ढिगात उभा होता, केसांवर धूळ.

"हे काय? काउंटर सोडलात?"

"बढती मिळाली," त्यानं छाती पुढे काढली. "गोदामाचा राजा. ही सगळी प्रजा माझी." आणि एक खोकं त्याच्या पायावर पडलं.

"राजेसाहेब, जरा हळू. तुम्हाला सगळ्यातच घाई."

"आणि तुम्हाला सगळ्याचीच खात्री."

"घाईसाहेब!"

"खात्रीबाई!"

काकूंनी चष्म्यावरून बघितलं. आम्ही दोघंही एकदम सर्दीच्या औषधाकडे वळलो.

मग जाणं वाढलं. मुलाखतीचं पत्र आलं आणि माझा जीव टांगणीला लागला. जेवण जाईना. काय विचारतील, मी काय बोलेन, तोंडच उघडलं नाही तर? तो खोकी लावता लावता मला प्रश्न विचारायचा, मी दाराशी उभी राहून उत्तरं द्यायची. मध्येच म्हणायचा, "उत्तर बरोबर आहे. पुढे चल. परत मागे जाऊ नकोस!" 'चला'चं 'चल' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. म्हणजे मला कळलं. रस्त्यात तीनदा आठवून पाहिलं.

प्रत्येक खेपेला निघताना माझी नजर हिरव्या पट्ट्यांच्या कप्प्याकडे जायची. आता पाचची आणि दहाची एका ठिकाणी नव्हती. दहाची पार खालच्या कप्प्यात गेली होती आणि त्या कप्प्यावर ठसठशीत लाल चिकटपट्टी होती. ती बघितली की मगच मी दुकानाबाहेर पडायची.

"मुलाखत आमच्या कॉलेजच्या मोठ्या बाई घेतात. त्या विचारतील, तुझ्या या सवयीचा उपयोग काय," त्यानं एकदा सांगितलं. "तेव्हा ती गोळी सांग. हुकमी एक्का आहे तुझा."

"आणि तुझं काय होईल?"

"माझं काय व्हायचंय?" तो हसला, पण खोक्यांकडे बघून.

मला काकूंचं बोलणं आठवलं. कुणा बाईला त्या सांगत होत्या, उमेदवाराच्या हातून चुकीचं औषध गेलं की उमेदवारी पुरी झाल्याची कॉलेजची सही अडते, आणि सही अडली की वर्ष अडतं. मी ठरवलं, ती गोळी सांगायची नाही. जागा मिळो न मिळो. असं ठरवलं खरं, आणि घरी येऊन रडले, कारण दुसरं सांगण्यासारखं माझ्याकडे होतं काय? कुलपं आणि गॅस?

मुलाखतीच्या दिवशी हातपाय इतके गार की दादानं हात धरून पाहिला आणि थट्टा करायचं विसरला. "जा गं, खात्री," इतकंच म्हणाला. आईनं दारातून हात हलवला. बाबा म्हणाले, "गोळी घेतली मी. पाचचीच."

खोलीत वर पंखा करकरत होता. समोर मोठ्या बाई, केस मागे घट्ट बांधलेले. शेजारी एक सर, हातात पेन.

"चार गुण कमी का पडले?" बाईंनी सरळच विचारलं.

मी खरं ते सांगितलं. सरांना हसू आलं. बाईंना नाही.

"म्हणजे उद्या दुकानात दहा आजारी माणसं रांगेत उभी असतील आणि तुम्ही पहिल्याचीच पिशवी तीनदा तपासत बसाल?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "नाही... म्हणजे... कधीकधी उपयोग होतो त्याचा."

"कधी? एक उदाहरण द्या."

"घराची कडी..." मी म्हणाले. सरांचं पेन थांबलं. कडीवर कुणाला फार्मसीची जागा मिळते का? चाललं, सगळं हातातून चाललं. घशापर्यंत आलेली ती हिरवी पट्टी मला गिळता येईना.

"एकदा बाबांच्या गोळ्या चुकीच्या आल्या होत्या," शेवटी मी बोलले. "पाचच्या जागी दहाच्या. मी रस्त्यात बघितलं आणि परत दिल्या."

"कुठल्या दुकानात?"

"ते नाही सांगणार."

"कुणी दिल्या होत्या?"

"तेही नाही."

बाई पुढे झुकल्या. "मुली, या कामात चूक झाकायची नसते. आज झाकली, की उद्या तीच गोळी दुसऱ्या कुणाच्या बाबांना जाते. कळतंय?"

कळत होतं! कळत होतं म्हणूनच तर झोप उडाली होती माझी. मला रडू फुटणार इतक्यात, देवाशपथ, कुठून कोण जाणे, राग आला.

"चूक कुठे झाकतेय मी? नाव झाकतेय. तीच चूक पुन्हा होऊ नये म्हणून डोळ्यात तेल घालून बघतेय. दोन्ही पट्ट्या आधी शेजारी होत्या, आता दहाची खालच्या कप्प्यात आहे. वर लाल चिकटपट्टी आहे. जाते तेव्हा प्रत्येक वेळी बघते मी. काल पण होती."

बाईंनी सरांकडे एकदा बघितलं.

"ती लाल पट्टी कुणी लावली, माहीत आहे?" बाईंनी विचारलं.

"काकूंनी... म्हणजे... मालकांनी असेल." जीभ चावली, पण आता काय उपयोग! जगात काकूंचं दुकान एकच थोडंच आहे, अशी मनाची समजूत घातली.

"बाहेर बसा."

बाहेरच्या बाकावर मी मनातल्या मनात सगळी मुलाखत परत घेतली. प्रत्येक उत्तर आधीपेक्षा वाईट निघालं. जागा तर गेलीच, वर त्याचंही नाव कळलं असणार. एका दगडात दोन पक्षी, आणि दोन्ही आपलेच!

दार उघडलं. बाई स्वतः बाहेर आल्या. मी उठले, पिशवी खाली पडली.

"जागा दिलीय तुला," त्या म्हणाल्या. अहो-जाहो गेलं होतं. "पहिल्या सत्रात घड्याळ लावून गोळ्या भरायला शिकवेन. रडशील, पण शिकशील."

मी आ वासून उभी. "नक्की?"

"नक्की. आणि एक. ज्याचं नाव तू लपवत होतीस, त्यानं त्याच संध्याकाळी माझ्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं होतं. ती लाल पट्टी त्यानंच लावली. काउंटर बंद आहे त्याचं, सही पुढच्या सत्रात. एका मुलीनं वाचवलं म्हणाला. कोण मुलगी, ते काही बोलला नाही तो. तुम्ही दोघंही नावं लपवण्यात पटाईत दिसता." आणि बाई चक्क हसल्या.

घरी फोन केला. आई रडली, बाबा "हॅलो, हॅलो" करत राहिले, दादा ओरडला, "तीनदा विचारलंस ना गं?" मग मी बसमधून उतरले आणि थेट दुकानात घुसले. काकूंच्या काउंटरला वळसा घालून, मागे.

तो शिडीवर होता.

"खाली ये!"

"काय झालं? मिळाली? नाही मिळाली? बोल ना!"

"मिळाली. गोदामाचा राजा म्हणे! बढती म्हणे! सत्र गेलं तुझं, आणि मला खोकी मोजून दाखवत होतास?"

तो खाली उतरला. हळू. घाईसाहेब आयुष्यात पहिल्यांदा हळू उतरला असेल.

"सांगितलं असतं तर तू स्वतःला दोष देत बसली असतीस. मुलाखत राहिली असती बाजूला."

"आणि मी तुझी सही जाऊ नये म्हणून ती गोळी गिळून बसले होते! दहा रात्री झोपले नाही मी!"

"माझ्यासाठी?" त्याचे कान त्या दिवशीसारखे लाल झाले.

धुळीनं माझं नाक हुळहुळत होतं. का कशानं कोण जाणे...

"तू त्या दिवशी परत आली नसतीस तर..." तो थांबला. "मला रोज ते आठवतं. मी भराभर भरत जातो. कुणीतरी थांबवणारं लागतं मला. आणि कुणीतरी म्हणजे... कुणीही नाही. तूच. मला तू आवडतेस."

बाहेर काकू गिऱ्हाइकाला काहीतरी समजावून सांगत होत्या. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की ते त्यांनाही ऐकू जाईल अशी मला भीती वाटली.

"पुन्हा म्हण," मी म्हणाले.

"मला तू आवडतेस."

"पुन्हा."

"खात्रीबाई! आवडतेस, आवडतेस. झाली खात्री?"

"छे," मी त्याच्या केसांवरची धूळ झटकली. तेवढंच जमलं मला. "एका दिवसात होते का? रोज येऊन तपासावं लागेल."

"रोज?"

"रोज. आणि मलाही तू आवडतोस. हे मात्र एकदाच सांगणार आहे, नीट ऐकलंस ना?"

"नाही," तो म्हणाला. "पुन्हा म्हण."

काकूंनी बाहेरून हाक मारली, "अरे, आईच्या सर्दीचं औषध दिलंस का तिला?"

त्या सकाळी चहाचा गॅस मीच बंद केला होता. पुन्हा जाऊन बघितला नव्हता, हे मला तेव्हा, त्या खोक्यांमध्ये उभी असताना आठवलं. आणि खरं सांगते, मला त्याची जराही काळजी वाटली नाही.