भिंतीवरची पावणी

भुताखेतांच्या गोष्टी अंधारातच घडतात असं जो म्हणत असेल, त्याला शाहूपुरीतल्या पद्मावती मगदूमची हकिगत सांगावी. तिच्या घरात जे घडलं ते सकाळी साडेआठच्या लख्ख उन्हात घडलं. बाहेर सायकलींच्या घंट्या वाजत होत्या, शेजारी भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता, आणि तरीही तिच्या तळहाताला घाम सुटला होता.

सुरुवात एका लिलावापासून झाली. एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालचा पौष महिना होता. संस्थानं जाऊन जमाना लोटला होता, अलीकडे तनखेही बंद झाले होते, आणि कोल्हापुरातल्या मोठ्या बंगल्यांतून झुंबरं, गालिचे, वाघांची मुंडकी एकेक करून बाहेर पडत होती. अशाच एका बंगल्यातलं सामान त्या रविवारी विकायला काढलं होतं. पद्मावती शाळेत विज्ञान शिकवायची. वय एकेचाळीस, लग्न केलेलं नाही, आणि नाद एकच, जुन्या चिनी भांड्यांचा. निळ्या नक्षीचे वाडगे, शेवाळी रंगाची थाळी, काशाचं एक तीन पायांचं धूपपात्र. लोक सोनं घेतात, ही तडकलेल्या बशा घेते, म्हणून नातेवाईक हसायचे. बासष्टच्या लढाईत तर गल्लीतली माणसं दारात येऊन म्हणाली होती, चिन्यांची भांडी फोडून टाका. तेव्हा पद्मावतीची थोरली बहीण, आक्का, उंबऱ्यात उभी राहिली होती. "भांड्यानं तुमचं काय केलंय? ज्याला फोडायचंय त्यानं आधी माझ्याशी बोलायचं." माणसं आली तशी परत गेली.

त्या आक्कानंच पद्मावतीला वाढवलं होतं. स्वतः सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली आणि चार वर्षांच्या आईवेगळ्या बहिणीची आई झाली. तीच आक्का आता दीड वर्षं खाटेवर होती. उजवं अंग लुळं पडलं होतं, वाचा गेली होती. डॉक्टर म्हणायचे, ऐकू येतं, कळतंही, पण आता आहे तेच सांभाळायचं. दिवसभर आक्का खाटेशेजारच्या भिंतीकडे बघत पडून असायची. ते बघणं पद्मावतीला सोसायचं नाही. रविवारी बाहेर पडायला तिला लिलावाचं निमित्त लागायचं, हे ती कुणाजवळ बोलली नव्हती.

लिलावात मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं तिच्या डोळ्यांदेखत चांगल्या वस्तू उचलल्या. मोठी निळी बरणी गेली, जुळ्या फुलदाण्या गेल्या. शेवटी लिलाववाल्यानं एक काळी पडलेली, थाळीएवढी चकती वर धरली. "काशाचं झाकण. भांडं हरवलंय." माणसं हसली. पद्मावती मात्र पुढं सरकली. झाकणाला बोटांत धरता येईल अशी मूठ असते. या चकतीच्या मध्यावर बोराएवढा उंचवटा होता आणि त्याला आरपार भोक होतं, दोरी ओवण्यापुरतं. एका बाजूला उठावाची नक्षी, दुसरी बाजू सपाट, किंचित फुगीर. ते झाकण नव्हतं. तो जुना चिनी आरसा होता. तिनं बोली केली, दुसरं कुणी बोललं नाही, आणि हातोडा पडला.

आरसा घासायला तिनं निसार कलईवाल्याकडं दिला. निसार म्हणजे हाताचा फार नाजूक माणूस. तिचं धूपपात्र, दिवे तोच नीट करायचा. आठ दिवसांनी त्यानं आरसा जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून आणून दिला. एरवी तो चहा घेतल्याशिवाय हलायचा नाही. त्या दिवशी दारातूनच म्हणाला, "बाई, चेहरा बघायला हाय तर बघा. पर उन्हात धरू नगा." आणि कारण न सांगता गेला.

विज्ञान शिकवणाऱ्या बाईला उन्हात धरू नका म्हटल्यावर ती काय करणार? दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आक्काच्या खोलीत स्टूल मांडलं, त्यावर आरसा टेकवून उभा केला. खिडकीतलं ऊन आरशावर पडलं आणि तिथून उसळून आक्काच्या खाटेशेजारच्या भिंतीवर उजेडाचा गोल उमटला. त्या गोलात आरशाच्या पाठीवरची नक्षी दिसत होती. दोन करकोचे, एक वाकडं देवदाराचं झाड. पद्मावती हरखली. असे आरसे असतात हे तिनं वाचलं होतं. घासताना धातूचा पृष्ठभाग डोळ्याला न दिसेल इतका वरखाली होतो आणि पाठीवरचं चित्र उजेडात उतरतं. ती आक्काला वर्गात समजवावं तसं समजवायला लागली.

बोलता बोलता थांबली. झाडाखाली कुणीतरी बसलं होतं.

एक बाई, पाठमोरी, अंगठ्याएवढी. केसांचा उंच अंबाडा, अंगात लांब बाह्यांचं काहीतरी. पद्मावतीनं आरसा उचलून पाठ बघितली. करकोचे होते, झाड होतं, झाडाखालची जागा सपाट होती. तिनं तिथून बोट फिरवलं. कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासली. कागदावर करकोचे उमटले, झाड उमटलं. बाई उमटली नाही.

मग तिनं जे केलं, ते केलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला पुढं कितीदा तरी वाटलं. तिनं आरसा जागच्या जागी उलटा फिरवला. भिंतीवर करकोचे उलटे झाले, झाडाची मुळं वर गेली. बाई सरळच बसलेली होती.

त्याच वेळी खोलीत वास आला. ओल्या मातीचा, पण पावसानंतरचा नव्हे, कुंभाराच्या चाकावरच्या गार मळलेल्या मातीचा. थोड्या वेळानं ऊन कौलाआड गेलं, गोल विझला, वासही गेला. पद्मावतीनं वळून पाहिलं. आक्काची नजर, दीड वर्षं भिंतीतून आरपार कुठंतरी जाणारी, आज भिंतीवर थांबली होती.

त्या एका नजरेपायी तिनं दुसऱ्या दिवशीही आरसा मांडला. तिसऱ्या दिवशीही. बाई रोज थोडी वळत होती. आधी गाल दिसला, मग हनुवटी. रोज थोडी मोठी होत होती. लांबून कुणी चालत यावं तशी. आठवड्याभरात ती वीतभर झाली आणि एका सकाळी उठून उभी राहिली. तोंड कधी नीट दिसायचं नाही, तिथं उजेड दाट व्हायचा. आणि रेशीम सळसळल्यासारखा बारीक आवाज यायचा... पद्मावती खिडकीबाहेरच्या झाडाकडं बघायची, तर पान हलत नसायचं.

आक्काची देखभाल करायला कसबा बावड्याहून बनाबाई यायची. एक दिवस ती लवकर आली आणि हातातली पिशवी तशीच धरून दारात खिळली.

"बाई, ही कोन?"

"तुम्हालाही दिसतीय?" पद्मावतीनं हळूच विचारलं. इतके दिवस ती मनाशी म्हणत होती, आपलेच डोळे शिणलेत.

"दिसंना काय झालं." बनाबाईचा आवाज एकदम खाली आला. "बाई... रोज जवळ येतीया न्हवं? माझ्या सासूच्या वक्तालाबी अशीच... ही न्यायला आलीया. झाका त्ये. आजच झाका."

गोल भिंतीवरून खाली सरकत होता. ऊन वर चढलं की तो रोजच सरकायचा, त्यात नवल काही नव्हतं. पण विझताना तो रोज आदल्या दिवसापेक्षा थोडा खाली पोचत होता, आणि पद्मावतीनं पहिल्यांदा नीट हिशेब केला. अजून दोन-तीन दिवस, आणि विझायच्या आधी तो भिंतीवरून खाटेवर उतरणार होता. आक्काच्या अंगावर.

शाळा सुटल्यावर ती थेट निसारच्या दुकानात गेली. तो भट्टीपाशी बसून पातेल्याला कथील फिरवत होता. ती म्हणाली, "निसारभाई, तो आरसा पुन्हा काळा करून द्या."

निसारनं पातेलं बाजूला ठेवलं. "दिसली व्हय?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"घासत हुतो तवा दुकानातल्या भिंतीवर दिसली. तीन दिस." "भ्या वाटलं की. खोटं कशाला बोलू? तिसऱ्या दिशी गोल माझ्या अंगावर आला आन् मी उठून पळालो. घरी जाऊन आईला सांगितलं, तर ती म्हनाली, हात वर करून काय सांगतोयस रे? तवा ध्यानात आलं." त्यानं डावा हात सरळ डोक्यावर उचलला. "बाई, ह्यो खांदा दोन सालं आखडलेला हुता. तुमीबी बघितलाय."

पद्मावतीनं बघितला होता.

"मग उन्हात धरू नका का म्हणालात?"

"कारन कोन हाय त्ये मला ठाव न्हाई," निसार म्हणाला. "चांगलं केलं म्हून चांगलीच असंल, असं कसं सांगू? तुमच्या घरात आजारी मानूस हाय. काळा करायचा तर आनून द्या, करतो. पर इचार करून सांगा."

विचार करून ती थकली. आक्का जशी आहे तशी तरी आहे. सकाळी तोंड धुवावं, केस विंचरावे, दिवसभराचं सांगावं, एवढं तरी उरलंय. तेही गेलं तर? आणि दुसरीकडं ती नजर. दीड वर्षांनी जागी झालेली नजर. आरसा आजच कपाटात टाकावा असं ती ठरवायची, आणि सकाळ झाली की आक्काचे डोळे आधी स्टुलाकडं जायचे.

तिसऱ्या दिवशी तिनं आरसा मांडला, पण जाड चादर मांडीवर घेऊन बसली. बनाबाई कोपऱ्यात उभी होती, हातात मालिशच्या तेलाची वाटी तशीच. गोल उमटला. करकोचे कडेला गेले होते, झाड पुसट झालं होतं. सगळ्या उजेडात आता तीच होती. उजवा हात पुढं केलेला. बाही इतकी लांब की बोटांची टोकंच तेवढी दिसत होती. मातीचा वास इतका दाट झाला की घशात बसला.

गोल सरकला. भिंतीच्या खालच्या पोपड्यांवर आला. गादीच्या कडेवर आला. वाकळेवरून चढायला लागला, आणि त्याच्या वाटेत आक्काचा उजवा हात पडलेला होता, मेणाचा असावा तसा.

"झाका, बाई..." बनाबाई पुटपुटली.

पद्मावती उठली. चादर दोन्ही हातांत पसरून तिनं स्टुलाकडं पाऊल टाकलं.

"झाकू... नगंस."

आवाज खरखरीत होता, विहिरीच्या तळातून यावा तसा. पद्मावतीला आधी वाटलं, भिंतीतून आला. मग तिनं आक्काचे ओठ हललेले पाहिले.

"ऱ्हाऊ दे... पद्दी."

या नावानं तिला जगात एकच माणूस हाक मारायचं. चादर तिच्या हातातून गळाली. गोल आक्काच्या हातावर चढला, आणि त्या लुळ्या हाताची बोटं एकेक करून मिटली. मूठ वळली नाही. दुसऱ्याचा हात धरताना जेवढी पोकळी राहते, तेवढी राहिली. आक्काचं मनगट गादीवरून चार बोटं वर उचललं गेलं, कुणीतरी खालून आधार दिल्यासारखं, आणि तसंच राहिलं. ऊन कौलाआड गेलं. गोल विझला. हात मात्र बराच वेळ तसाच होता.

बनाबाई भिंतीला टेकून बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. पद्मावतीनं पुढं होऊन तो हात हातात घेतला. बर्फासारखा गार होता. पण तिनं दाबला, तसा त्यानंही दाबला.

डॉक्टर येऊन तपासून गेले. म्हणाले, शरीर आहे, त्याच्या मनात आलं की सुधारतं. त्यांना आरशाचं कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळपासून उजेडात फक्त करकोचे आणि झाड दिसायला लागलं, आरसा फिरवला की नक्षीही निमूट फिरायची. पद्मावतीनं तो धूपपात्राशेजारी फळीवर ठेवून दिला.

होळीपर्यंत आक्का उशीला टेकून बसायला लागली. बोलणं अडखळत होतं, पण त्यातला ठसका परत आला होता. भाकरी जाड झाली म्हणून बनाबाईला पहिलं बोलणं बसलं, आणि ती ते गल्लीभर आनंदानं सांगत सुटली. एकदा पद्मावतीनं धीर करून विचारलं, "आक्का, ती कोण होती गं?"

आक्कानं आपला उजवा हात उलटसुलट करून बघितला. "मला काय ठाव? हात गार हुता. पर धरायची रीत चांगली हुती." आणि मग म्हणाली, "फुडच्या लिलावाला मी येनार. तुला भांडी पारखता येत्यात, बोली करता येत न्हाई. लई लाजतीस."

पद्मावती हसली, आणि हसता हसता तिला तोंड फिरवावं लागलं.

महावीर जयंतीच्या सकाळी बनाबाईनं आक्काला न्हाऊ घातलं. न्हाणीच्या दारात आक्का म्हणाली, आता मला धरू नका. परसदारापर्यंत पंधरा-वीस पावलं होती. पद्मावती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आक्का निघाली. डावा पाय, मग ओढत उजवा. एकदा अडखळली, सावरली, आणि परसदाराच्या उंबऱ्यावर जाऊन उन्हात केस सोडून बसली. "झालं की," तिथून ओरडून म्हणाली, "काय डोंगर हुता काय?"

पद्मावती धावत निघाली आणि मधेच थांबली.

फरशीवर आक्काची ओली पावलं उमटली होती. न्हाणीपासून परसदारापर्यंत. आणि निम्म्या वाटेवर, भिंतीपासून सुरू होऊन, तिच्या उजव्या अंगाला दुसरी पावलं चालत गेली होती. चार बोटं लांबीची. लहान पोराची म्हणावीत तर तशी नव्हती. टाच मोठ्या बाईची होती, पुढं मात्र ती एकदम निमुळती होत गेली होती. जुन्या काळी चीनमध्ये मुलींची पावलं लहानपणीच बांधून अशी आखूड करत, हे पद्मावतीनं वाचलं होतं. उंबऱ्यापर्यंत ती आक्काच्या बरोबरीनं गेली होती. परत आलेली नव्हती.

आक्का उंबऱ्यावर केस झटकत होती. तिच्या उजव्या बाजूला माणूसभर जागा मोकळी होती, आणि ती सरकून मधे बसली नव्हती.

पद्मावती आक्काच्या डाव्या बाजूला जाऊन बसली. चैत्राचं ऊन होतं. आक्काची पावलं पाच मिनिटांत वाळून गेली. दुसरी मात्र संध्याकाळी दिवे लागेपर्यंत ओलीच होती.