रिपेकाचं पान

“हे माझ्या आजीचं नाव नाही!”

थर्झा लक्सटन यांनी काठी आपटली, तशी वाचनालयातली पाच-सात डोकी वर झाली. काचपेटीत त्यांच्या आजोबांचं, जॉन रंडलचं, बायबल उघडून ठेवलं होतं. हा जॉन १८४१ साली इंग्लंडातल्या डेव्हनहून माओरींच्या मुलखात, तारानाकीच्या किनाऱ्यावर उतरला आणि घरातले जन्म, लग्नं याच बायबलात लिहीत गेला. समोरचं पान सांगत होतं: ‘१८४८. मेरी हॅनफर्ड हिच्याशी विवाह. तिचा जन्म १८१६, डेव्हन.’

“आजीचं नाव रिपेका. माओरी होती ती, इथल्या मूळ लोकांतली. पंधरा वर्षांची होईपर्यंत तिच्या हातचं जेवलेय मी. या पानावर तिचंच नाव होतं.”

“आई, तुला एकोणनव्वदावं लागलंय. होतं असं कधी कधी,” मुलगा मर्विन म्हणाला आणि लोकांकडे बघून ओशाळं हसला.

लोकांनी माना डोलावल्या. म्हातारं माणूस एकदा विसरभोळं ठरलं, की त्याचं खरंही कुणी ऐकून घेत नाही.

हेस्टर ग्रिब्लनं मात्र पेटीची किल्ली काढली. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून वाचनालयातला वंशावळींचा विभाग तीच सांभाळायची. सोमवारी पाथरवट चौकातल्या शिळेवर गावच्या पहिल्या घराण्यांची नावं कोरणार होता, नवराबायकोची जोडीनं. नियम एकच: पुरावा त्या काळातल्या लिखाणाचा हवा. म्हणजे या पानावर जे नाव, तेच दगडावर जाणार होतं.

कागद बायबलचाच होता, पण कडेला डिंकाचा ताजा ओघळ होता. शेवटच्या कोऱ्या पानांतलं एक गायब होतं. म्हातारी विसरली नव्हती. जुनं पान कापून कुणीतरी नवं चिकटवलं होतं.

बायबल दोन महिने पेटीत मिटूनच होतं; ते पान हेस्टरनंही आजच पाहिलं. पेटीच्या किल्ल्या तिघांकडे: हेस्टर, शनिवारी मदतीला येणारा मर्विन, आणि शिळा समितीचे अध्यक्ष ऑब्री टकर.

हेस्टरनं विचारायच्या आधीच मर्विन जुन्या नोंदींची फिल्म दाखवणारं यंत्र लावून बसला होता.

“हे बघा, मिस ग्रिब्ल. इंग्लंडची १८४१ची शिरगणती. मेरी हॅनफर्ड, पणजोबांच्याच गावची, वय पंचवीस. म्हणजे जन्म १८१६. पानाशी अगदी तंतोतंत!”

“ही फिल्म कुणी मागवली?”

“मीच. गेल्या महिन्यात.”

“कशासाठी?”

“आईच्या समाधानासाठी. ती ऐकते कुठं?”

टकरना तिनं त्यांच्या बागेत गाठलं.

“शिळा इंग्रज घराण्यांचीच असावी, असं तुम्ही सभेत म्हणाला होतात.”

“म्हणालो. अजूनही म्हणतो.”

“मग पान तुम्ही बदललंत?”

“मी तोंडावर भांडतो, बाई. चोऱ्या करत नाही.”

“१८४१च्या शिरगणतीत एक बाई पंचवीसची आहे. जन्म कधीचा?”

“परीक्षा घेतेस काय माझी? पंचवीस ते एकोणतीस, काहीही असेल. त्या वर्षी मोठ्यांची वयं पाचाच्या पाढ्यात खाली ओढून लिहीत. बाप्तिस्म्याची नोंद बघ.”

हेस्टरनं ती विभागातल्या डेव्हनच्या चर्चच्या फिल्मवर बघितली. दफनाचीही बघितली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मर्विन, टकर आणि थर्झाबाईंना चहाला बोलावलं. चहा कुणी घेतला नाही.

“मेरी हॅनफर्ड खरीच होती,” ती म्हणाली. “पण तिचा जन्म १८१२चा. शिरगणतीच्या वेळी ती एकोणतीस वर्षांची होती, मोजणाऱ्यानं पंचवीस लिहिलं. आपल्या बायकोचा जन्म लिहायला जॉनला शिरगणती लागली नसती. १८१६ हा आकडा त्या पंचविसातून वजाबाकी केल्यावरच निघतो, आणि ती वजाबाकी ही पद्धत माहीत नसलेलाच करेल. टकरना ती माहीत आहे.”

टकर नुसते हुंकारले.

“शिवाय मेरीचं दफन १८४३ साली डेव्हनमध्येच झालं. लग्नाच्या पाच वर्षं आधी. मर्विन, आईनं तक्रार केली काल. तिच्या समाधानाची फिल्म तू महिनाभर आधी कशी मागवलीस?”

मर्विननं खिशातली पेटीची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

“खरं पान कुठंय?” हेस्टरनं विचारलं.

“शेगडीत घातलं,” तो म्हणाला आणि मग एकदम उसळला. “सत्तावन्न वर्षं गोरा म्हणून वावरलोय मी! ते नाव चौकात लागल्यावर क्लबात मला कोण जवळ बसवणार होतं?”

“आणि म्हणून मला वेडी ठरवलंस?” थर्झाबाईंनी विचारलं.

टकरनी घसा साफ केला. “पुरावाच नाही म्हटल्यावर... जॉनचं नाव एकटंच जाईल. नियम आहे.”

तो नियम हेस्टरनंच लिहिला होता. चोर सापडला, आणि चोराला हवं होतं तेच झालं. तिला स्वतःचा संताप आला.

“त्याचंही कोरू नका,” थर्झाबाई म्हणाल्या. “पहिल्या हिवाळ्यात तिच्या माणसांनी रताळी दिली नसती, तर त्याचं थडगंच असतं. घराणं कसलं!”

मर्विननं त्यांचा कोट पुढे धरला. “चल आई, घरी सोडतो.”

त्यांनी त्याच्या हातातून कोट ओढून घेतला.

“कागद जाळलास. तोंडाचं काय करशील? नाक, कपाळ, सगळं तिचं आहे. रोज दाढी करताना तीच बघत असते तुझ्याकडे.” मग त्या वळल्या. “हेस्टर, टॅक्सी बोलाव. याच्या गाडीत मी बसणार नाही.”