फोटोपुरती लंका

"हसू नका," कॅमेऱ्यामागून लंका म्हणाली, आणि स्टुलावरचा माणूस हसला.

श्रावणातली दुपार होती. बाहेर नाशिकच्या सीबीएस बसस्टँडच्या रस्त्यावर ऊन आणि सर आळीपाळीनं येत होते. भिकाशेठच्या फोटो स्टुडिओत दारापाशी ठेवलेल्या छत्र्यांचं पाणी हळूहळू आत सरकत होतं. फोटो कॅनडाच्या फॉर्मसाठी हवा होता. मागे पांढरा पडदा, दोन्ही कान दिसायला हवेत, ओठ मिटलेले, चेहऱ्यावर राग नको, आनंद नको, काही म्हणता काही नको. लंकाला हे सगळे नियम तोंडपाठ होते. समोरच्या माणसाला मात्र ते पाळता येईनात.

"मी हसत नाहीये हो," तो म्हणाला. "माझं तोंडच असं आहे."

"मग कॅनडावाले म्हणतील, तोंड बदलून आणा."

झालं. पुन्हा एक फोटो वाया गेला. तिनं त्याला काहीतरी दुःखाचं आठवायला सांगितलं. त्यानं मनापासून प्रयत्न केला, कपाळाला आठ्या घातल्या, आणि शेवटी हात टेकत म्हणाला, "सध्या तरी... काहीच आठवत नाही." बोलताना तो लेन्सकडे बघतच नव्हता. लंकाच्या वेणीत सकाळी मळ्यातून निघताना खोचलेला निशिगंध होता, तिथं कुठंतरी त्याची नजर होती. ती कॅमेऱ्यामागे जरा जास्तच वाकली. गाल तापले होते, आणि ते दिसायला नको होते.

कसाबसा एक फोटो निघाला. तिनं पावती फाडून दिली. खालची सही त्यानं वाचली – लं. विधाते – आणि लं म्हणजे काय, असं विचारलं.

लंका थांबली. पुढचा प्रसंग तिला लहानपणापासून पाठ होता. ती जन्मली त्याच आठवड्यात तिची आजी, लंकाबाई, गेली आणि नाव रिकामं नको म्हणून ते बाळाला दिलं गेलं. शाळा नेमकी पंचवटीत. रामाच्या दारात लंका – मग काय विचारता. बाई हजेरी घेताना अख्खा वर्ग शेपटी हलवल्यासारखं करायचा. तिच्या मैत्रिणी लग्नात आपलं नाव जाणार म्हणून हळव्या व्हायच्या. त्यांच्या माळी समाजात बापाचं नाव, आडनाव आणि सोबत मुलीचं स्वतःचं नाव असं सगळंच बदलतं. लंका मात्र त्या दिवसाची वाट बघत होती. नवं नाव तिनं कधीच ठरवून ठेवलं होतं. दिशा. छोटंसं, स्वच्छ, कुणाची आजी नसलेलं.

"लंका," ती म्हणाली, आणि हनुवटी वर केली.

तो हसला नाही. त्या दिवसात पहिल्यांदाच हसला नाही. "सोन्याची होती ती," एवढंच म्हणाला आणि पावती नीट घडी करून खिशात ठेवली.

त्याचं नाव कुंदन ताजणे. सिन्नरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या मशीन शॉपवर सुपरवायझर होता, आणि कॅनडात कायमचं राहण्यासाठी त्यानं अर्ज टाकला होता. फोटो मिळाल्यावर त्याचं स्टुडिओतलं काम संपलं होतं. पण पुढच्या आठवड्यात तो आला, एजंटनं अजून प्रती मागितल्या म्हणून. त्याच्या पुढच्या आठवड्यात फोटो भिजले म्हणून. मग पाकीटच हरवलं म्हणून. नवरात्रापर्यंत भिकाशेठ म्हणायला लागले, की या पोराच्या फोटोंनी कॅनडाचा अख्खा नकाशा झाकून निघेल.

आणि एका संध्याकाळी लाईट गेली. भिकाशेठ मेणबत्ती आणायला शेजारच्या दुकानात गेले. अंधारात काउंटरच्या अलीकडे ती आणि पलीकडे तो. पत्र्यावर पावसाची भुरभुर चालली होती.

"एक सांगायचं होतं," कुंदन म्हणाला. "एजंटनं... फोटो मागितलेच नव्हते. पहिल्यांदा दिले तेवढेच लागतात."

"माहीत आहे. नियम पाठ आहेत मला."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"चांगलं गिऱ्हाईक कोण घालवतं?"

तो काउंटरवर वाकला. मग अगदी हळू, जणू आवाजानं लाईट येईल अशी भीती असल्यासारखा, म्हणाला, "लंका... माझ्याशी लग्न करशील?" पहिल्यांदाच त्यानं तिला एकेरीत हाक मारली होती. आणि लाईट आलीच. दोघंही पकडल्यासारखे एकमेकांकडे बघत राहिले. लंकानं मान हलवली, हो म्हणून, आणि घाईघाईनं कात्री शोधायला लागली. कात्री तिच्या हातातच होती.

घरच्यांचं फारसं काही अडलं नाही. लंकाचे वडील सावळीराम मखमलाबादला झेंडू, शेवंती पिकवायचे, मुलगा आपल्यातलाच, कष्टाळू, एवढं त्यांना पुरे होतं. अडलं ते भलतीकडेच. कुंदननं अर्ज भरला तेव्हा तो एकटा होता. कॉलेज रोडवरच्या एजंटनं स्वच्छ सांगितलं की लग्न करायचं तर आताच करा, नोंदणी करा आणि बायकोला या फाईलमध्ये घाला. तिला न दाखवता तिकडे गेलात तर मागाहून तिला नेणं जवळजवळ विसरा. आणि दुसरी गोष्ट, तो बोट उगारून म्हणाला, पासपोर्टपासून लग्नाच्या दाखल्यापर्यंत तिचं नाव सगळीकडे एकच हवं. अक्षराचाही फरक नको. नाव बदलायचं ते तिकडे पोचल्यावर.

लग्न आलं होतं, आणि लंकाचं नवं नाव पुढे ढकललं गेलं होतं.

कार्तिकात नोंदणी झाली. वाजतगाजत लग्न वैशाखात, मुहूर्तावर. मधल्या काळात कायद्यानं ती दोघं नवरा-बायको होती आणि सावळीरामांच्या हिशेबानं नुसती ठरलेली. त्यामुळे कुंदनला बायकोला भेटायचं तर मळ्यावर यायचं, ओसरीवर बसायचं, सासऱ्यांशी शेवंतीच्या भावाबद्दल बोलायचं आणि चहा द्यायला ती बाहेर येईल तेवढं बघून घ्यायचं. तो कपात साखर कमी आहे म्हणायचा. ती पुन्हा यायची. मग जास्त झाली म्हणायचा. लंका लोकांदेखत अहो-जाहो करायची आणि कप घेताना पुटपुटायची, "तुला मधुमेह होईल."

"कागदावरचा नवरा आहे," तो तितक्याच हळू म्हणायचा. "कागदावरचाच मधुमेह होईल."

तिचा पासपोर्ट यायला उशीर लागला, तेव्हा सावळीराम रोज गाऱ्हाणं घालायचे, की अख्ख्या देशाचे पासपोर्ट आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात आणि नाशिकच्याच पोरीला वाट बघावी लागते. शेवटी तो आला. लंका सावळीराम विधाते. तिनं त्या नावावरून बोट फिरवलं. एकाच वेळी तिला हसू आलं, रडूही आलं.

संक्रांतीला कुंदनची आई, मंगलाबाई, तिळगूळ घेऊन आली. सोबत भाऊ, गोटीराममामा. मामाची कोर्टात ऊठबस असायची. मंगलाबाईनं लंकाला जवळ बसवून विचारलं, "तुला कोन्तं नाव आवडतं गं? मला कुणी इचारलं नव्हतं. म्या इचारते."

लंकानं आजवर ते नाव कुणालाच सांगितलं नव्हतं. तिनं सांगितलं.

"दिशा," मंगलाबाईनं म्हणून बघितलं. "लय ग्वाड हाय." आणि मामानं पिशवीतून कागद काढला. राजपत्रात नाव बदलण्याचा अर्ज, सगळा भरून तयार. सूनबाईला मामाकडून आहेर. फक्त सही बाकी. उद्या मामा मुंबईला चाललाच होता.

नाव असं समोर, हातभर अंतरावर. पेनसुद्धा मामानं उघडून दिलं. लंकानं आलेच म्हणून सांगितलं आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन कारखान्यात फोन लावला. मशीनच्या घरघरीतून कुंदनचा आवाज आला. तिनं सगळं एका दमात सांगितलं.

"कर सही," तो म्हणाला.

"आणि फाईल?"

"पडू दे मागं. पुन्हा भरू. तू लहानपणापासून थांबलीयेस, मी दोन वर्षं थांबायला काय झालं?"

काचेबाहेर पतंग उडत होते. लंकाला वाटलं, आपण आत्ता या बूथसकट उडू. तिनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "ऐक," ती म्हणाली. "मला नाव पाहिजे. पण नाव इकडे आणि तू अडकलेला, असं नको. मला दोन्ही पाहिजे. आधी तू."

घरी येऊन तिनं पेनाचं टोपण लावलं आणि मामाला समजावलं. मामा हिरमुसला. मंगलाबाईनं तिळगुळाचा डबा बंद केला. मग म्हणाली, ठीक हाय, कागदाचं तुमचं तुम्ही बघा. पण लग्नाच्या दिवशी तांदळात मी म्हणेन तेच नाव लिहायचं.

लंका हो म्हणून बसली. एजंटचं पुढचं फर्मान तेव्हा कुणाला माहीत होतं. चैत्रात त्यानं कळवलं, लग्न खरं आहे याचा पुरावा म्हणून सगळ्या विधींचे फोटो लागतील. मंगळसूत्र, सप्तपदी, आणि तांदळात नाव लिहितानाचा तर हमखास. मराठी लग्नात तो असतोच, हे त्यांना आता ठाऊक झालंय. आणि तिथं मराठी वाचणारे बसलेत, तेव्हा तांदळात लंकाच दिसली पाहिजे.

वैशाखात लग्न लागलं त्या संध्याकाळी कुंदनच्या सिन्नरच्या घरात देवासमोर तांदळाचं ताट मांडलं गेलं. भिकाशेठ कॅमेरा घेऊन गुडघ्यावर बसले. कुंदननं आईला समजावलं होतं, की आधी लंका लिहू, फोटो काढू, मग पुसून दिशा लिहू. आई हो-नाही काहीच म्हणाली नव्हती.

त्यानं अंगठी घेतली आणि लिहिलं. लंका. भिकाशेठ अजून लेन्स फिरवत होते. एक चुलती म्हणाली, एकदा फोटो होऊ दे, मग पुसून टाकू ते लंकाबिंका. आणि गंमत म्हणून तिनं तळहात पुढे केलाही.

मंगलाबाईनं तिचं मनगट धरलं.

"पुसायचं नाय," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "माझ्या टायमाला नणंदेनं हसण्यावारी आधी कुसा लिवलं. माझं म्हायेरचं. सासूनं असा हात फिरवला अन् सपाट केलं. मला काय झालं ते मलाच ठावं." तिनं कुंदनकडे बघितलं. "तिचं नाव ऱ्हाऊ दे. खाली दुसरं लिव."

कुंदननं लिहिलं. लंकाच्या खाली दिशा. ताटात दोन बायका असल्यासारख्या दोन ओळी. सासरच्या बायकांना ते एकदम आवडलं. पण आता फोटोत दोन नावं येणार होती.

सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. नवरीनं मान खाली घालून बसायचं असतं, पण या नवरीनं कॅमेऱ्यामागे वर्षं काढली होती. कुठून काय दिसतं ते तिला कळत होतं. तिनं हिरव्या चुड्याचा हात उचलला, तांदळाला न लावता दिशा या अक्षरांवर अलगद धरला, आणि कुजबुजली, "अहो. तुमचा हात माझ्या हातावर ठेवा. सगळं झाकलं पाहिजे."

"सगळं?"

"नियम आहे."

त्यानं ठेवला. त्याचा तळवा गरम होता. वर लंका, स्पष्ट, एकटी. खाली मेंदीचा हात आणि त्यावर त्याचा. भिकाशेठनी एक फोटो काढला. मग प्रकाश बरोबर नाही म्हणाले. मग फिल्म बदलायला घेतली, आणि ती बदलायला त्यांनी जो वेळ लावला, तो त्यांनी उभ्या आयुष्यात कधी लावला नव्हता. कालपर्यंत कागदावरच्या असलेल्या नवऱ्यानं भर घरात, आईदेखत, सासऱ्यांदेखत बायकोचा हात धरला होता आणि कुणाला काही म्हणता येत नव्हतं. लेकीला पोचवायला आलेले सावळीराम छताकडे बघत होते. मामा खोकला.

"व्हिसाचं काम हाय बाबा," मंगलाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली. "घाई नका करू."

दिल्लीहून कॅनडाच्या ऑफिसचं पाकीट आलं ते भाद्रपद सरता सरता. कुंदन ते न फोडता मोटरसायकलवर थेट मखमलाबादला आला. गणपतीनंतर लंका चार दिवसांसाठी माहेरी गेली होती. ती झेंडूच्या ओळीत टोपली घेऊन उभी होती, ढोपरापर्यंत चिखल. पाकीट दोघांनी मिळून फाडलं. त्याच्या पासपोर्टात शिक्का होता. तिनं आपला उघडला, एकेक पान उलटलं. एक कोरं, दुसरं कोरं. तिनं तिसरं उलटलं... आणि त्यावर होता. तिचा फोटो, तिचं नाव, व्हिसा.

टोपली उलटली. चिखलात सगळीकडे झेंडू झाले. ती हसत होती आणि डोळे वाहत होते. तो तिला उचलू का नको या विचारात नुसताच हात पसरून उभा राहिला, कारण बांधावर सावळीराम होते.

"पोचलो की पहिलं काम तुझं नाव," तो म्हणाला. "अर्ज मी आणून ठेवलाय."

"पहिलं काम चहा. नाव दुसरं."

"चालेल, लंका." आणि त्यानं जीभ चावली. "म्हणजे – दिशा. करेन मी सवय. तिकडे जाईपर्यंत होईल."

लंकानं खाली वाकून एक फूल उचललं, त्याचा चिखल पदराला पुसला. कितीतरी वर्षं ज्या हाकेनं ती दचकत आली होती, तीच हाक आत्ता येऊन गेली होती, आणि ती दचकली नव्हती. ते तिच्या आत्ताच लक्षात आलं.

"सवय करू नको," ती म्हणाली. "दिशा सगळ्यांना देऊ. ऑफिसात, बँकेत, शेजारपाजारी. आईंना तर आधी." तिनं बांधाकडे पाहिलं. सावळीराम पाठ फिरवून पाटाचं पाणी वळवायला गेले होते. ती एक पाऊल पुढे आली, एवढी की तिच्या वेणीतल्या निशिगंधाचा वास त्याला आला असावा. "लंका तुझ्यापाशी ठेव. बाकी कुणाला माहीत नसलेली."

"आत्ता हाक मारू?"

"हळू मार."

त्यानं मारली. तिनं ओ दिली.