चंद्राईचा जवळा कुणी लपवला?

"माजं दुकान चोरीला गेलंय," चंद्रावतीबाई खुर्चीत टेकता टेकता म्हणाल्या.

काशीरामने लगेच कागद पुढे ओढला. पोलिसात हवालदारकी करून तो निवृत्त झाला होता. चोरी म्हटलं की त्याचा हात आपोआप चालू लागे. डोकं मागाहून, सवडीने येई.

"शटर तोडलं की कुलूप?"

"शटर नाय नि कुलूप नाय. गुगलवरून गेलंय."

काशीरामने पेन खाली ठेवलं. गुगलवरची चोरी कुठल्या ठाण्याच्या हद्दीत धरायची, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

पनवेलच्या टपाल नाक्याजवळ आभा टिपणीसचं खाजगी तपासाचं ऑफिस होतं आणि काशीराम तिथे तिचा मदतनीस होता. कामं बहुतेक लग्नाआधीच्या चौकशीची. नुकतीच एका मुलाची चौकशी संपली होती आणि मुलगा सरळमार्गी निघाल्यामुळे दोन्हीकडची मंडळी जरा हिरमुसली होती. त्यामुळे चोरीला गेलेलं दुकान ऐकून आभाचे डोळे चमकले.

"नीट सांगा, मावशी."

चंद्रावतीबाई गव्हाणच्या. सुकी मासळी विकण्यात हयात गेलेली. त्यांच्या सुनेने, रंजिताने, त्या मासळीचं ऑनलाइन दुकान काढलं होतं, 'चंद्राई' नावाचं. गुगलवर 'सुका जवळा' टाकलं की हल्ली चंद्राईचं नाव सगळ्यात वर येत होतं.

"पयला नंबर आला नि गावभर झालं. जगनशेठ सोता येऊन 'वा वा' करून गेला. त्याचंबी हाय ना ऑनलाइन दुकान. तो गेला नि मी लगेच मीठ-मोहरी घेतली. सगल्याची दृष्ट काडली. पन पुडच्याच शुक्रवारी दुकान गायब! आता जवला टाका, मासली टाका, सगला जगन येतो."

चंद्रावतीबाईंच्या तोंडी 'ळ' राहत नसे. त्याच्या जागी 'ल' येई आणि तोही ठसक्यात.

"संशय कुणावर?"

"सुनंवर." बाईंनी पदर सारखा केला. "दुकानाच्या नावात तिला तिचं पन नाव पायजे व्हतं. मी नाय म्हनलं. शुक्रवारी रुसून विचुंब्याला म्हायेरी गेली. ती गेली नि दुकान गेलं. परत आली तर मी सगल्यांसमोर आई एकवीरेची आन घेतली. ज्यानं केलं त्यानं या घरात ऱ्हायाचं नाय. तिनं बॅग भरलीय. म्हनते, आज संध्याकाली जाते. जगन दुकानाचं नाव इकत मागतोय, तर ते पन देऊन टाकीन."

बाई जायला उठल्या. मग हळूच म्हणाल्या, "पन ती नसली तर बरं व्हईल. ती घरात नसली का मना जेवान जात नाय."

आभाने स्कूटरची किल्ली उचलली.

गव्हाणला अंगणात जवळा वाळत घातला होता. त्या वासाने काशीरामची तपासबुद्धी पार विरघळली. ओटीवर कंप्युटर होता. त्याला लिंबू-मिरची बांधली होती आणि पडद्याच्या कोपऱ्यात काजळाची तीट होती.

"मॅडम, केस संपली," काशीराम कुजबुजला. "जगनची दृष्ट लागली."

"काशीरामकाका, दृष्टीला पासवर्ड लागत नाही. चोराला लागतो."

दाराशी भरलेली बॅग होती आणि बॅगेजवळ रंजिता. डोळे सुजलेले, पण मान ताठ.

"पासवर्ड कुणाकुणाकडे आहे?"

"मी आणि आई. बास. हृतिक म्हणून न्यू पनवेलचा एक एसइओवाला ठेवलाय. म्हणजे दुकान गुगलवर वर आणणारा. पण तो मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतो, मी चिकटवते. माझं सगळं काम मोबाइलवर, इंग्रजीत. हा कंप्युटर आईंसाठी मराठीत करून दिलाय. त्या रोज ऑर्डरी बघतात."

"म्हणजे दुकान हृतिकने वर आणलं?"

रंजिताला तशातही हसू आलं. "छे! मी प्रत्येक मासळीखाली आई बोलतात तस्सं लिहिलं. जवळा कसा भाजायचा, भाकरीबरोबर कसा खायचा. 'जवळा' लिहिलं आणि 'जवला'सुद्धा लिहिलं. आमची माणसं बोलतात तसंच शोधतात ना! तसं दुसऱ्या कुणी लिहिलंच नव्हतं."

आभाने कंप्युटरवर 'चंद्राई सुकी मासळी गव्हाण' असं पुरं नाव टाकलं. चंद्राई नावाचं ब्यूटी पार्लर आलं, मंगल कार्यालय आलं. पानांमागून पानं उलटली. दुकान कुठेच नव्हतं.

"गंमत आहे," ती म्हणाली. "शर्यतीत मागे पडलेला निदान मागे तरी दिसतो."

चंद्रावतीबाई चहा घेऊन आल्या. "मी आठवी शिकलेय हां. या मशिनीतला सगला वाचते. पन काय एकेक लबाडी! 'वाचन' लिवलंय एका जागी. म्हनलं गोष्टीबिष्टी असतील. वाचायला कायबी नाय, नुसत्या चौकटी!"

"मावशी, या कंप्युटरवर अजून काय काय चालतं?"

"सगला. लाइट बिल, रेशनचा आधार. मागल्या हप्त्यात मच्छीमार सोसायटीची सरकारला तक्रार पन रंजितानं हितंच भरली. जगनच्या नव्या बोटीवर यंत्र बसवलंय ना! पान्यात मासा कुटं हाय ते दावतं. आमचे हे होडी घेऊन जातात नि मोकल्या हातानं येतात."

"त्या तक्रारीत खूप चौकटी होत्या," रंजिता म्हणाली. "आई शेजारी बसून एकेक वाचून सांगत होत्या, हितं टिक कर, तितं टिक कर."

आभा कंप्युटरसमोर बसली आणि बराच वेळ उंदीर फिरवत राहिली. मग ती एका पानावर थांबली, स्वतःशीच हसली आणि काहीही न बदलता उठली.

"रंजिता, मी येईपर्यंत ती बॅग इथून हलवायची नाही."

हृतिक न्यू पनवेलच्या एका कॅफेत लॅपटॉप उघडून बसला होता. दाढी राखलेली, समोर थंडगार कॉफी.

"मॅम, मी साइटवर ऑर्गॅनिक ट्रॅफिक आणतो."

"आणखी ट्रॅफिक?" काशीराम कळवळला. "अरे बाबा, आहे तेच आवरत नाही!"

दुकानाचं इंग्रजी पान हृतिकने मशीनकडून भाषांतर करून घेतलं होतं. त्याने ते कौतुकाने दाखवलं. 'सुका जवळा' याचं झालं होतं 'ड्राय नियर'. 'सोडे', म्हणजे सुकी कोळंबी, त्याचं 'लीव्ह इट'.

"नियर म्हणजे जवळ ना रे?"

"जवळ, जवळा, सेमच ना अंकल? उलट फायदा झाला. लोक 'नियर मी' सर्च करतात ना!"

लोक खरंच करत होते. त्या भाषांतरापासून रंजिताला फोन येत होते, जवळपास पेट्रोल पंप आहे का म्हणून. काशीरामने गुन्हेगार सापडल्याच्या आनंदात आभाकडे पाहिलं. आभाने मान हलवली.

"तुझ्या इंग्रजीने इंग्रजी पान बुडेल. मराठी पानं कशी बुडतील? मला एवढंच सांग, दुकानात आज काही बदल केला तर गुगलला कधी कळतं?"

"लगेच नाही, मॅम. त्यांचा रोबो फिरत असतो. त्याची फेरी येईल तेव्हा बघतो. कधी उद्या, कधी आठवड्याने."

"छान. आणि शोधयंत्र म्हणजे काय?"

हृतिकने कॉफी ढवळली. "मेटल डिटेक्टर?"

जगनशेठ उलव्याच्या ऑफिसात सापडले. गळ्यात सोन्याची साखळी, टेबलावर नव्या बोटीचा फोटो.

"मी कशाला लपवू? माझा नंबर वर आला, मी पेढे वाटले. एवढाच गुन्हा. नाव विकत मागितलं ते उघड मागितलं. चंद्रावतीवहिनींच्या जवळ्याची चव माझ्या मालाला नाय, हे मी माझ्या बायकोसमोरपण कबूल करतो."

"त्यांच्या दुकानाचा पासवर्ड?"

"मना माझ्याच दुकानाचा आठवत नाय."

"शोधयंत्र म्हणजे काय हो, शेठ?"

जगनशेठनी बोटीच्या फोटोवर अभिमानाने बोट ठेवलं. "हे काय! केबिनमध्ये बसवलंय. मासे शोधायचं यंत्र. गाव जळतो माझ्यावर त्याच्यापायी."

आभा उठली. "चला आमच्याबरोबर गव्हाणला. तुमचा पेढ्यांचा गुन्हा माफ."

बाहेर आल्यावर काशीराम म्हणाला, "मॅडम, सगळ्यांना एकच शब्द काय विचारताय? मला तर सगळ्यांची उत्तरं बरोबर वाटली."

"तीच तर भानगड आहे, काका."

उन्हं उतरली होती. चंद्रावतीबाई आणि रंजिता अंगणातला जवळा गोळा करत होत्या, एकमेकींकडे पाठ करून. बोलावून आणलेला हृतिक नाकाला रुमाल लावून उभा होता. जगनशेठना खुर्ची दिली होती. बॅग दाराशीच होती.

"दुकान मागे पडलेलं नाही," आभाने सुरुवात केली. "पुरं नाव टाकलं तरी ते कुठल्याच पानावर नाही. म्हणजे कुणीतरी दुकानाच्या आतून गुगलला सांगितलंय, इथे येऊ नकोस. आत जायला पासवर्ड हवा. जगनशेठ आणि हृतिक बाहेरचे, ते सुटले."

"मग मीच उरले," रंजिता म्हणाली. ती बॅगेकडे वळली.

"थांब. दुकान शुक्रवारी गेलं आणि तू शुक्रवारी गेलीस, म्हणून आळ तुझ्यावर. पण गुगलचा रोबो त्याच्या सवडीने येतो. शुक्रवारी त्याने पाहिलं. काम त्याच्या आधीच झालं होतं. आणि तू दुकानाचा नाश कशाला करशील? 'जवळा' आणि 'जवला' दोन्ही लिहून ते वर कुणी आणलं?"

चंद्रावतीबाईंचा हात जवळ्याच्या ढिगात थांबला.

"दुकानाच्या सेटिंगमध्ये एक पान आहे. मोबाइलवर इंग्रजीत काम करणाऱ्या रंजिताने ते कधी उघडलं नाही. त्याचं मराठी नाव मोठं साळसूद आहे. वाचन. वाचायला तिथे काही नाही, नुसत्या चौकटी. एका चौकटीपुढे लिहिलंय, 'शोधयंत्रांना या स्थळापासून दूर ठेवा.' आणि त्या चौकटीत टिक आहे."

"शोधयंत्र म्हणजे सर्च इंजिन!" रंजिता ओरडली. "गुगल! आणि स्थळ म्हणजे आपली साइट!"

"हो. पण गुगलला शोधयंत्र म्हणतं कोण? हृतिक रोज त्याच्यावर पोट भरतो, त्यालाही ठाऊक नाही. काकांना मी विचारलंच नाही."

"बरं केलंत," काशीराम म्हणाला.

"जगनशेठना मात्र लगेच वेगळंच यंत्र आठवलं, कारण ते दर्यावरचे. मावशी, तुम्हीच सांगा, शोधयंत्र म्हणजे काय?"

"ते काय इचारायचं? या जगनच्या बोटीवरचं!" चंद्रावतीबाई तावातावाने म्हणाल्या. "तक्रार भरली तवा सगला इचारलं व्हतं, ही चौकट तेवडी ऱ्हायली व्हती. दुसऱ्या दिवशी मना गावली. सरकारनं सरल इचारलंय, यंत्रांना या जागेपासनं लांब ठेवा. आता नाय म्हनू? मी टिक क..."

त्या थांबल्या. त्यांनी ओटीवरच्या कंप्युटरकडे पाहिलं, मग रंजिताकडे.

"म्हनजे मीच?"

"तुम्हीच, मावशी. तुमच्या बोलीने दुकान वर चढलं आणि तुमच्याच वाचनाने खाली उतरलं."

जगनशेठना हसू आवरेना. पण चंद्रावतीबाईंचा चेहरा पाहून त्यांनी ते खोकल्यात जिरवलं. बाई रंजितासमोर जाऊन उभ्या राहिल्या. गव्हाणच्या बाजारात कुणाचं ऐकून न घेणारी ती बाई, पण आज तिने मान खाली घातली.

"चुकलं माजं, पोरी," त्या म्हणाल्या. "लय चुकलं."

रंजिता त्यांच्या गळ्यात पडून रडली. तिच्या हातांचा जवळा सासूच्या पाठभर लागला. काशीरामने ठसका लागल्याचं निमित्त करून डोळे पुसले.

मग बाई कंप्युटरकडे गेल्या, चष्मा लावला आणि स्वतःच्या हाताने ती टिक काढली. तिथून सरळ दाराशी आल्या आणि रंजिताची बॅग उचलली.

"आई, राहू द्या. मी ठेवते आत."

"आत कशाला? आन घेतलीय मी. ज्यानं केलं त्यानं या घरात ऱ्हायाचं नाय. एकवीरा आईला काय सांगू, मी केलं तर चालतंय?" त्यांनी बॅगेत वरून जवळ्याची मोठी पुडी कोंबली. "तुज्या आयेकडं जाते विचुंब्याला. माजी लुगडी उद्या धाडून दे. नि दुकानाच्या नावात तुजं नाव घाल. माज्या आधी."

"पण आई, परत कधी येणार?"

चंद्रावतीबाईंनी हृतिककडे पाहिलं. "काय रे, तुजा तो गुगल कवा येतो म्हनलास?"

"फेरी असेल तेव्हा, आंटी. कधी उद्या, कधी आठवड्याने."

"मग झालं तर." बाई जगनशेठच्या गाडीत मागे ऐसपैस बसल्या आणि बॅग मांडीवर घेतली. "शेठ, हाना गाडी विचुंब्याला. रंजिता, तो दुकानात आला का फोन कर. तो आला का मी बी आले."