लाल बदकाचं झाकण

"सुटली! आपली तक्रार सुटली!"

भोंगा एवढ्या जोरात ओरडला, की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. त्याचं खरं नाव उगाच मागे नव्हतं पडलं! त्याच्या हातात आईचा फोन होता. फोनवर नगरपालिकेचं तक्रारीचं ॲप, त्यात हिरवीगार टिक: 'चेंबरवर झाकण बसवले. तक्रार निकाली.' आणि खाली नव्या कोऱ्या झाकणाचा फोटो.

भोंगा आणि सुट्टीसाठी मावशीकडे आलेल्या त्याच्या दोन मावसबहिणी, ताई आणि लिंबू, फाटकाबाहेर धावली. झाकण? कसलं झाकण! चेंबर तसंच आ वासून बसलेलं, आणि मावशीने त्यात खोचलेली मोडकी खुर्ची तशीच पाय वर करून उभी.

"अदृश्य झाकण असेल," लिंबू म्हणाली.

"मग पाय ठेवून बघ की!"

गंमत पुरे. भोंग्याच्या बाबांना, म्हणजे या दोघींच्या काकांना, डोळ्यांनी दिसत नव्हतं. ते काठी टेकत रोज एकटे वाद्यांच्या दुकानात जायचे आणि पियानो सुरात लावायचे. गेल्या आठवड्यात फाटकाबाहेर त्यांची काठी भस्सकन खाली गेली. हाताला फाटक लागलं म्हणून वाचले. तेव्हापासून मावशीचा हुकूम सुटला: झाकण बसेपर्यंत एकट्याने उंबरा ओलांडायचा नाही! भोंग्याने हात धरून न्यायचं, हात धरून आणायचं. काकांना ते मुळीच सोसत नव्हतं. दिवसभर घरात त्यांची काठी टक टक टक करत येरझाऱ्या घालायची, आणि ऐकणाऱ्यांनाही एका जागी बसवेना.

"आणि शाळा सुरू झाल्यावर?" ते भोंग्याला विचारत. "तुझ्या दप्तरात बसून येऊ?"

ताई मात्र अजून फोटोकडेच बघत होती. तिने चष्मा वर सारला. "ॲपवर सगळ्यांच्या तक्रारी दिसतात. हे बघा, शाळेमागचं झाकण. हे दवाखान्याजवळचं. हे आपलं. प्रत्येक फोटोत कोपऱ्यात सीट नसलेली सायकल!"

"सायकल गावभर फिरत असेल," लिंबू म्हणाली.

"सीट नसताना? चालवणाऱ्याचं काय होत असेल!"

सकाळभर तिघांनी गाव पिंजून काढलं आणि शेवटी सायकल सापडली. कुठे? नगरपालिकेच्या कचेरीसमोर, बेकरीपाशी, खांबाला साखळीने बांधलेली! शेजारी चकचकीत झाकण. तिघं बेकरीच्या पायरीवर पाव खात दबा धरून बसली.

थोड्याच वेळात कचेरीतून एक कडक इस्त्रीचे साहेब आले. वाकून फोटो, पलीकडून फोटो, उकिडवं बसून फोटो. माणूस काटकसरी! एकाच झाकणात अख्ख्या गावाचं भागवत होता. लिंबूने जागच्या जागी बारसं केलं: टिकसाहेब.

भोंग्याला राहवलं तर तो भोंगा कसला! "ओ साहेब! आमच्या गल्लीत अजून भोकच आहे!"

"ॲपवर फोटो आहे ना? मग झाकण आहे," टिकसाहेब शांतपणे म्हणाले. "सुट्टी आहे, खेळा! मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नका."

ते गेले. भोंगा धुमसत राहिला. ताई मात्र हसत होती.

"जुना फोटो ॲप घेत नाही, म्हणून बिचाऱ्यांना रोज इथवर चालत यावं लागतं. उद्याही येतील. लिंबू, माझं नेलपॉलिश आण!"

लिंबूने झाकणाच्या कडेला अंगठ्याएवढं बदक काढलं. लालभडक.

"बदक लाल असतं होय?" भोंग्याने विचारलं.

"या गावात भोकालाही झाकण म्हणतात, तर बदक लाल का नसावं?"

दुसऱ्या दिवशी ॲपवर नव्या हिरव्या टिका उगवल्या. बाजारातलं झाकण, बदक! नदीकाठचं झाकण, बदक! टिकसाहेबांना फोटो काढायचे होते, बघायचे थोडेच होते!

संध्याकाळी नगरपालिकेची सभा होती. ती फोनवर थेट दिसायची आणि खाली कुणालाही लिहिता यायचं. सगळे मावशीच्या ओट्याभोवती जमले. काका तेवढे दाराशी काठी आपटत उभे.

"त्या डबीत लिहून काय होणार? आपलं कोण ऐकतंय!"

पडद्यावर नगराध्यक्षाबाई अभिमानाने म्हणाल्या, "झाकणांच्या सगळ्या तक्रारी निकाली निघाल्या आहेत!"

ताईने भराभर लिहिलं: 'सगळे फोटो एकाच झाकणाचे आहेत. नव्या फोटोंत लाल बदक शोधा.'

पाठवलं. दिसलं. आणि गायब झालं!

"गेलं कुठे?" पुन्हा लिहिलं. पुन्हा गायब! पडद्यावर सभेच्या कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन टिकसाहेब बसले होते, आणि पुसायचं काम मात्र ते तत्परतेने करत होते.

"आई, गल्लीच्या ग्रुपवर टाक!" भोंगा ओरडला. "बेकरीवाल्यांनाही सांग! सगळ्यांनी लिहायचं!"

आणि मग सुरू झालं. 'आमच्या फोटोतही बदक!' 'शाळेमागे भोक, फोटोत सायकल!' 'आमचं बदक तुमच्याकडे कसं हो?' टिकसाहेब एक पुसत, तर तीन उगवत. कुणीतरी लिहिलं, 'झाकणं बेकरीवाल्याने चोरली!' ताई दचकली. "हे खोटं आहे!" तिने लगेच उत्तर टाकलं: 'चोरीचं आम्हाला काही माहीत नाही. फोटो एकाच झाकणाचे आहेत, एवढंच दाखवतोय.'

दाराशी काठी थांबली होती.

"दे इकडे तो फोन," काका म्हणाले. "मी बोलतो, तो लिहून घेतो ना?" आणि ते सावकाश बोलले, "मी पियानो लावणारा. मला तुमचे फोटो दिसत नाहीत. पण माझ्या काठीला भोक लागतं. फोटो पाठवू नका, झाकण पाठवा."

टिकसाहेबांचं बोट उचललेलंच राहिलं, कारण नगराध्यक्षाबाई मान वळवून त्यांच्याच लॅपटॉपमध्ये बघत होत्या. त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं.

"हे बदक काय प्रकरण आहे?" त्यांनी विचारलं. टिकसाहेब इस्त्री उतरल्यासारखे दिसले.

सकाळी गल्लीत झाकण आलं, मागोमाग नगराध्यक्षाबाई. त्यांनी नवा नियमच केला होता: तक्रार करणारा स्वतः झाकणावर उभा असेल, तरच फोटो चालेल. फोटो काढायला टिकसाहेब, गल्लीगल्लीतून, पायी!

"काल मीही फोटोंवरच भरवसा ठेवला," बाई मुलांना म्हणाल्या. "तुम्हाला अजून मत द्यायचा हक्क नाही, पण गावाला तुम्ही बोलतं केलंत. शाबास! मात्र पुढच्या वेळी नेलपॉलिश नको."

"पोरं माझ्यावर गेलीत," मावशी घाईघाईने म्हणाली.

काकांनी झाकणावर काठी आपटली. ठण्ण! त्यांनी कान टवकारले.

"कोमल गंधार. जरा उतरलाय, पण चालेल." मग हसून म्हणाले, "आमचा भोंगा आयुष्यात पहिल्यांदा सुरात वाजला! आता हात सोड बाबा."

आणि ते एकटेच निघाले. टक, टक, टक. भोंग्याला राहवेना. तो चवड्यांवर, श्वास रोखून, हळूच मागे निघाला.

काका कोपऱ्यावर वळता वळता म्हणाले, "भोंग्या, तुझ्या चपला ऐकू येतात मला. घरी जा!"