फुग्याचं नाक

त्याने बाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या दातांत फुगा होता, त्यामुळे त्यांना काही बोलता आलं नाही. पुढे जे झालं – खरं तर जे झालंच नाही – त्याची सुरुवात तिथेच झाली असावी, असं बाईंना नंतर वाटायचं.

सोमवारची सकाळ. बालवर्गात फुग्यांचा उपक्रम सुरू व्हायचा होता. वीस मुलं, वीस फुगे, आणि गाठी मारून मारून बाईंची बोटं सोलवटलेली. तेवढ्यात दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. एका हाताला भिंगरी, दुसऱ्या हातात तिचा डबा. भिंगरी म्हणजे वर्गातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात भोचक मुलगी. आईचा पाय मुरगळलाय, बाबा कामाला परगावी गेलेत, म्हणून मामा आलाय, हे सगळं तिनेच एका दमात सांगून टाकलं. बाईंनी नुसती मान डोलावली.

"बाई बोलत नाहीत का गं?" त्याने भाचीला विचारलं.

बाईंना हसू फुटलं, आणि दातांतून सुटलेला फुगा फुर्रर्र करत वर्गभर फिरून त्याच्याच खांद्यावर जाऊन पडला. मग काय, स्वारी बाह्या सारून बसली की छोट्या खुर्चीत, गुडघे हनुवटीला टेकवून! मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता तो. पोत्यांची तोंडं बांधायची सवय असलेली ती जाड बोटं, पण गाठ कधी पडली ते फुग्यालाही कळत नसे. शेवटचा निळा फुगा बाईंचा होता. त्यावर त्याने न विचारताच चेहरा काढला – दोन डोळे, आणि नाक म्हणून एक वाटाणा, जरासा डावीकडे घसरलेला.

"माझं नाक एवढं वाकडं आहे?"

"नीट बघायला वेळ कुठे मिळाला... उद्या बघतो."

उपक्रम तसा साधा होता. प्रत्येकाने आपल्या फुग्यावर चेहरा काढायचा, त्याला बाळासारखं सांभाळायचं, पिशवीत घालून घरी न्यायचं आणि परत आणायचं. रोज सकाळी त्याच्या पोटाभोवती लोकरीचा धागा गुंडाळायचा, मापाने कापायचा आणि भिंतीवरच्या तक्त्यावर चिकटवायचा. रोजचा धागा कालच्यापेक्षा थोडा आखूड. हवा दिसत नाही, पण ती जाते, एवढंच मुलांना कळायला हवं होतं. बाईंचा नियमही एकच होता. फुगा बदलायचा नाही. लहान झाला तरी तो आपलाच.

गुरुवारी भिंगरीचा धागा कालच्यापेक्षा बोटभर लांब निघाला. बाईंनी तिचा फुगा उजेडात धरला. काल डोळ्यांना तीन-तीन पापण्या होत्या, आज चार-चार होत्या.

शाळा सुटल्यावर त्यांनी मामाला दारातच गाठलं. त्याने लगेच कबूल केलं. आदल्या संध्याकाळी पोरगी रडायला लागली, बाळ वाळलं म्हणून. त्याला ते बघवेना, म्हणून ती झोपल्यावर त्याने गुपचूप दुसरा फुगा फुगवला होता.

"बघवेना तरी बघू द्यायचं तिला," बाई म्हणाल्या. "जायचं ते जाणारच, मामा. हवा काय आपण धरून ठेवणार?"

"चुकलो. पण एक विनंती आहे. ही वीस पोरं मला मामा म्हणतात, ते ठीक आहे. तुम्ही तरी नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"शोधा की..."

शोधूनही काही सापडेना. मग बाई नुसतं 'अहो' म्हणू लागल्या. अहो, जरा तो डिंक द्या. अहो, दार लोटून घ्या. शाळेच्या मावशी फरशी पुसता पुसता गालातल्या गालात हसल्या, तेव्हा कुठे बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण त्यांनी शब्द काही बदलला नाही.

तोही आता भाचीला सोडायला येऊन तासभर रेंगाळायचा. फुगा केसांवर घासून केस उभे करण्याच्या खेळात स्वतःचं डोकं पुढे करायचा. फुगा खाली पडेपर्यंत टाळ्या मोजायच्या असल्या की मुद्दाम चुकायचा, आणि मुलं त्याला पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावायची. त्याच्या सदऱ्याला परतलेल्या कांद्याचा वास असे. मधूनच तो बाईंच्या नाकाकडे बघायचा आणि म्हणायचा, अजून नक्की होत नाहीये. बाईंचा जीव त्याच्यावर जडला होता. नऊ वाजत आले की त्या दाराकडे पाठ करून उभ्या राहायच्या, कारण तोंड केलं असतं तर सगळं दिसलं असतं.

दुसरा शुक्रवार उजाडला. त्याच्या ताईच्या पायाचं प्लास्टर निघालं होतं, दाजी परत आले होते. भिंगरीला न्यायला तो शेवटचा आला, आणि मुलं बाहेर बूट घालत असताना तक्त्यासमोर येऊन उभा राहिला. उद्या त्याचं जहाज सुटणार होतं, चौदा महिन्यांसाठी. पण बंदराच्या कॅन्टीनमध्ये जागा निघाली होती. हवी असेल तर आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"थांबू का?" त्याने विचारलं. "तुम्ही म्हणालात तर थांबतो."

रोज सकाळी बाई वीस मुलांना गोलात बसवून एकेकाला विचारायच्या, आज तुला काय वाटतंय. अडखळणाऱ्याला धीर द्यायच्या. आता त्यांच्या ओठांवर एकच शब्द आला होता... पण नजर तक्त्यावर गेली. ओळीने आखूड होत गेलेले धागे. समुद्रावरचा माणूस आपल्यासाठी किनाऱ्याला बांधून ठेवायचा, म्हणजे फुगा बदलण्यासारखीच लबाडी नाही का?

"जाणाऱ्याला जाऊ द्यावं," त्या म्हणाल्या. "मुलांना मी तेच शिकवते."

"पण मला जायचंय असं मी कुठे म्हटलं?"

बाईंनी लोकरीचा गुंडा उचलला आणि उगाचच गुंडाळत राहिल्या.  मग तो भाचीचा हात धरून दारातून वळला.

"बाई बोलत नाहीत गं," तो भिंगरीला म्हणाला. या वेळी तो प्रश्न नव्हता.

सोमवारी भिंगरी आईबरोबर आली. बहुतेकांचे फुगे लिंबाएवढे झाले होते, सुरकुतले होते. बाईंचा फुगा मापायची पाळी भिंगरीची होती. तिने धागा गुंडाळला, कापला, शुक्रवारच्या धाग्याशेजारी धरला. तो वीतभर जास्त लांब होता.

"बाई, तुमचा मोठा झाला."

मग तिने फुगा फिरवून चेहरा पाहिला, नाकावर बोट ठेवलं.

"हा मामाचा नाही. मामा नाक मधे काढत नाही."

 बाईंनी पर्समधून रुमाल काढला. त्यात निळा, सुकलेला फुगा होता. चेहरा आक्रसून गेला होता. नाक तेवढं अजून डावीकडेच होतं.

"बदलायचा नाही ना, बाई?"

"नाही, राणी. चुकलं माझं."

भिंगरीने जुना फुगा मापला. इवलासा धागा निघाला. तिने तो नीट डिंक लावून चिकटवला आणि येऊन गोलात बसली. मग सगळ्यांना बाई विचारतात तसंच तिने विचारलं, "बाई, आज तुम्हाला काय वाटतंय?"

आजवर त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. वीस तोंडं वाट बघत होती.

"मला भिंगरीचा मामा खूप आवडतो," बाई म्हणाल्या. "त्याला थांबा म्हणायचं होतं मला. मी म्हटलंच नाही."

मुलांनी समजल्यासारख्या माना हलवल्या. भिंगरीने थोडा विचार केला.

"मग आता म्हणा."

"थांबा," बाई म्हणाल्या, अगदी हळू.

जहाज सुटून दोन दिवस झाले होते. शेजारच्या मुलाची पाळी आली. त्याला भूक लागल्यासारखं वाटत होतं.