मेधा रांगेत शेवटची होती

यात पदरचं काहीही घातलेलं नाही. मेधाने जेवढं सांगितलं तेवढंच इथे आहे. आणि तिने सगळं सांगितलंय, असं अजूनही वाटत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. एप्रिलमधली शाळेची सुट्टी, शनिवारची संध्याकाळ. जागा ऑस्ट्रेलियातल्या स्नोई माउंटन्सची. सिडनीहून निघालं की दिवस गाडीतच जातो. वर नॅशनल पार्क आहे. मोबाइलला रेंज नाही, वस्ती नाही. नुसता वारा आणि वाकडीतिकडी स्नो गमची झाडं.

मेधा सिडनीत, वेस्टमीडला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम करते. नवरा सलिल आयटीत. मुलगी उर्वी तिसरीत.

त्या फेब्रुवारीत मेधाचे वडील नाशिकला वारले. तिला जाता आलं नाही. लोक भेटायला आले. मेधा सगळ्यांना चहा देत होती. रडली मात्र नाही.

लोक म्हणाले, खंबीर आहे पोरगी.

पण तसं नव्हतं. तिला काही वाटतच नव्हतं. दात काढताना हिरडीत इंजेक्शन देतात ना, तसं. फक्त त्याचा असर उतरत नव्हता. डबा करायचा, शिफ्टला जायचं, घरी यायचं. उर्वी हसली की आपणही हसायचं.

सलिलनेच मग ट्रिप ठरवली. डोंगरातलं छोटंसं लॉज, सोबत गाइड, जंगलातले प्राणी त्यांना त्रास न देता बघायचे, असा प्रकार.

"जरा मोकळी हो," तो म्हणाला.

"चालेल," मेधा म्हणाली. तेव्हा ती सगळ्यालाच 'चालेल' म्हणायची.

गाइडचं नाव ग्लेनिस. साठीची, काटक बाई. जन्म तिथलाच. सोबत ॲडलेडचं एक रिटायर्ड जोडपं होतं. दुपार कलल्यावर ग्लेनिसने सगळ्यांना व्हॅनमधून कच्च्या रस्त्याच्या टोकापर्यंत नेलं. तिथून पायी, अर्धा-पाऊण तास. पुढे एक गवताळ मैदान होतं. संध्याकाळी तिथे वॉम्बॅट चरायला बाहेर येतात. अस्वलाच्या पिल्लाएवढा, गुबगुबीत, बिळात राहणारा प्राणी.

"आज दहा-बारा तरी दिसतील," ग्लेनिस म्हणाली. "नाही दिसले तर जेवण माझ्याकडून."

मैदानात बिळं होती. ताजी लीद होती. चौकोनी लीद बघून उर्वी खिदळली.

पण वॉम्बॅट नव्हता.

एकही नव्हता.

सगळे गवतात दबकून बसले. ग्लेनिस घड्याळाकडे बघत राहिली. संध्याकाळी तिथे करावाँग पक्ष्यांचा नुसता कलकलाट असतो, हे तिनेच येताना सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी एक पक्षी बोलला नाही.

मग एका बिळातून नाक बाहेर आलं. मोठा वॉम्बॅट होता. तो अर्धा बाहेर आला आणि थबकला. त्याचं लक्ष माणसांकडे नव्हतं. तो पलीकडच्या झाडांकडे बघत होता...

आणि मागच्या मागे बिळात शिरला.

"असं कधी करत नाहीत ते," ग्लेनिस पुटपुटली.

तेवढ्यात झाडांमधून धुकं आलं. बघता बघता मैदान दिसेनासं झालं. मग एकमेकांचे चेहरेही.

"घाबरायचं कारण नाही. पायवाट माझ्या पायाखालची आहे," ग्लेनिस म्हणाली. "एकामागे एक चालायचं. पुढच्याच्या बॅगेचा पट्टा धरायचा. सोडायचा नाही. सर्वात शेवटी कोणीतरी मोठं माणूस हवं."

"मी थांबते," मेधा म्हणाली.

सगळ्यात पुढे ग्लेनिस. उर्वीला टॉर्च धरायचा होता, म्हणून ती ग्लेनिसच्या मागे. मग ते जोडपं, मग सलिल. सलिलच्या बॅगेचा पट्टा मेधाच्या डाव्या हातात. उजवा हात मोकळा.

मेधाच्या मागे कोणी नव्हतं.

चालायला लागले. बुटांचा चिखलातला आवाज आणि वारा, बाकी काही नाही. पुढचा टॉर्च केव्हाच दिसेनासा झाला होता. सलिलची पाठसुद्धा दिसत नव्हती. फक्त पट्ट्याला ओढ लागत होती.

आणि मग...

मेधाच्या उजव्या हातात एक हात आला.

लहान मुलाचा हात होता. गार. त्याने तिची दोन बोटं धरली, लहान मुलं धरतात तशी.

मेधा दचकली नाही. तिला वाटलं, उर्वी. कंटाळून मागे आली असेल.

"बाबाला सांगितलंस ना इकडे आलीस ते?"

मेधाने त्या बोटांवर अंगठा फिरवला.

"आणि ग्लव्ह कुठे टाकलास गं? थंडी वाजतेय?"

"...वाजतेय."

आवाज बारीक होता, वाऱ्यात जेमतेम ऐकू आला. मेधाला बरं वाटलं. उर्वी घरात मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्लिशमध्येच उत्तर द्यायची. आज मराठीत बोलली.

तिने तो हात आपल्या जॅकेटच्या खिशात घेतला. चोळला. तो गरम होईना.

"पाय दुखतात?"

"...दुखतात."

"घाबरू नकोस. मी आहे."

"...आहे."

वाट अरुंद होती. मेधा कडेकडेने चालू लागली, मुलीला नीट चालता यावं म्हणून. ती स्वतः दोनदा घसरली. तो हात सुटला नाही.

आणि मग, का कोण जाणे, मेधा बोलायला लागली. समोरचा चेहरा दिसत नव्हता म्हणून असेल.

"आजोबा गेले ना, त्या दिवशी मी कामावर होते. खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून फोनवर सगळं बघितलं. मामाने अग्नी दिला तेव्हा नेटवर्क गेलं. मग मी वर गेले आणि शिफ्ट पूर्ण केली. मला काहीच वाटलं नाही, पिल्लू. अजून वाटत नाही. आईचं काहीतरी बिघडलंय..."

तिने हे कोणालाच सांगितलं नव्हतं. सलिललाही नाही.

त्या लहान बोटांनी तिची बोटं घट्ट दाबली.

इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच पाणी डोळ्यांपर्यंत आलं होतं, ती म्हणते. अजून दोन मिनिटं मिळाली असती तर ती रडली असती.

समोर पिवळा उजेड दिसला. व्हॅन.

"बघ, पोचलोच आपण."

"...आपण."

व्हॅनचं सरकतं दार उघडं होतं. ते जोडपं आत बसलं होतं. सलिल पट्टा सोडवून पुढे धावला आणि आत चढला. आणि सीटवर, ब्लँकेट गुंडाळून, हातात टॉर्च घेऊन...

उर्वी बसली होती.

"Mum! You're so slow!"

मेधा जागच्या जागी उभी राहिली.

हात अजून तिच्या खिशात होता. तिच्या बोटांत.

खाली बघायचं, एवढंच करायचं होतं. मान खाली करायची. तिला ते जमलं नाही.

तिने आपला हात खिशातून बाहेर ओढला.

जोर लावावा लागेल असं तिला वाटलं होतं. नाही लागला. त्या बोटांनी धरून ठेवलंच नाही. ती लगेच सुटली. सवय असल्यासारखी.

मेधा कशीबशी दारापर्यंत आली. सलिलने तिला दंडाला धरून आत खेचलं आणि दार धाडकन ओढून घेतलं. इतक्या जोरात, की ॲडलेडची बाई ओरडली.

"चला," तो म्हणाला. "प्लीज, चला लवकर."

ग्लेनिसने किल्ली फिरवली.

आणि दारावर थाप पडली.

एकच. हलकी. बाहेरून... अगदी खालच्या बाजूला.

ग्लेनिसने इंजिन बंद केलं. टॉर्च घेऊन खाली उतरली. व्हॅनभोवती फिरली, हाका मारत वाटेवर थोडी आत गेली आणि परत आली.

"कोणी नाही."

"लहान मूल आहे बाहेर," मेधा म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "माझा हात धरून आलं. ग्लव्ह नाहीत त्याच्याकडे."

ग्लेनिस हसली नाही. वेड्यात काढलं नाही. तिने वायरलेस उचलला.

रात्री पोलीस आले. सकाळी स्वयंसेवक आले, कुत्री आली. ते मैदान, ती झाडं, खालचा ओढा, सगळं पिंजून काढलं. त्या भागातून कोणाचंही मूल हरवल्याची तक्रार नव्हती. कुठल्याच लॉजमध्ये कोणी कमी नव्हतं. कुत्री वाटेवर जायला तयार होती, पण मैदानाच्या पलीकडे, त्या झाडांत, एकही शिरलं नाही.

दुपारी ग्लेनिसने मेधाला एकटीलाच वाटेवर नेलं.

शोधाला आलेल्यांना पोलिसांनी वाटेच्या कडेच्या गवतातून नेलं होतं, म्हणून चिखलात कालचे ठसे शाबूत होते. सगळ्यांचे बूट वाटेच्या मधून गेले होते. फक्त मेधाचे ठसे डाव्या कडेला होते. अगदी कडेला, जिथे वाट तुटते तिथे. मैदान सोडल्यावर थोड्या अंतरापासून व्हॅनपर्यंत तसेच. तिच्या उजवीकडे एका लहान माणसापुरती जागा मोकळी होती.

त्या जागेत एकही ठसा नव्हता.

"पूर्वी इथे कधी कोणाचं मूल हरवलं होतं?" मेधाने विचारलं.

"मी आयुष्यभर इथे आहे," ग्लेनिस म्हणाली. "मला तरी माहीत नाही."

मग तिने विचारलं, "तू त्याच्याशी कुठल्या भाषेत बोललीस?"

"मराठीत. माझ्या भाषेत."

"आणि त्याला कळलं?"

मेधाने आपला उजवा हात खिशात घातला. ग्लेनिस व्हॅनकडे वळली.

दोन दिवसांनी शोध थांबवला. ते सिडनीला परतले. वाटेत सलिल म्हणाला, "धुक्यात होतं असं. मेंदू काहीही दाखवतो."

"मला काही दिसलं नव्हतं. हात होता."

"तू सगळ्या वाटेने एकटीच बोलत होतीस, मेधा. मी ऐकत होतो."

"एकटीच?"

सलिल रस्त्याकडे बघत राहिला.

मेधा पुन्हा कामाला लागली. रक्त काढणं, लेबल लावणं, "थोडं टोचेल हं" म्हणणं. सगळं जमतं. तिच्या मनात भीती नाही, असं ती म्हणते. भुताची तर नाहीच. एकच गोष्ट तिला सोडत नाही. ते मूल काही मागत नव्हतं. तिच्याबरोबर चाललं होतं, तिचं ऐकत होतं. आणि गाडीपाशी पोचल्यावर तिने त्याचा हात सोडला.

जून लागला. वर बर्फ पडला, कच्चा रस्ता हिवाळ्यासाठी बंद झाला. आता वसंत येईपर्यंत तिथे कोणी जाणार नाही.

तेव्हापासून मेधा रोज सकाळी उठल्यावर फोनवर तिथलं तापमान बघायला लागली. सलिलला ते आवडायचं नाही. एकदा त्याने तिच्या हातातून फोन काढून घेतला होता. "बास झालं आता. तिथे कोणी नाहीये," म्हणाला होता.

मग जुलैतली एक सकाळ. मेधाला उठायला उशीर झाला. ती किचनमध्ये आली तर सलिल ओट्याशी पाठमोरा उभा. चहा उतू गेला होता, गॅस तसाच चालू.

"आज उणे नऊ आहे तिथे," तो म्हणाला.

मेधाने गॅस बंद केला. त्याच्या हातात फोन होता.

"सलिल. त्या दिवशी दार लावताना... तू काय बघितलंस?"

त्याने फोन ओट्यावर पालथा ठेवला. बाहेर शेजाऱ्यांची गाडी निघत होती. वरून उर्वीचा अलार्म वाजायला लागला.

"स्वेटर नव्हता गं त्याच्या अंगात," तो म्हणाला.

आणि उर्वीला उठवायला जिना चढून गेला.